पीव्हीसी बोर्ड कापताना कड वितळते, ती का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुडाळजवळच्या घराच्या खिडक्यांभोवती असलेल्या लाकडी पट्ट्या वाळवीने खाल्ल्या, म्हणून त्या जागी लावायला तुम्ही १८ मिमीचा पीव्हीसी फोम बोर्ड आणलात. हाताशी चार इंची कटर, जिगसॉ आणि ट्रिमर (कडेला गोलाई किंवा खाच मारायचं छोटं मशीन) आहे. ‘लाकडासारखाच कापतो’ असं दुकानदार म्हणाला होता. प्रत्यक्षात कटरने कापलं की कड वितळून फुगते, जिगसॉचं पातं पुढे सरकतं आणि मागे काप परत चिकटून बसतो, ट्रिमरने गोलाई मारली की पिवळट-तपकिरी डाग पडतात. सुतार म्हणतो पीव्हीसीचं स्पेशल ब्लेड घ्या, आणि तुम्ही विचारताय की कुठलं. सोबत फोटो पाठवलेत आणि रंध्याचंही विचारलंय.

ब्लेडचं पुढे सांगतो. पण तुमच्या तिन्ही तक्रारी नीट बघितल्या तर ती एकच तक्रार आहे. तीन वेगवेगळी हत्यारं, तीन वेगवेगळी पाती, आणि तिन्हीकडे माल तापतोय. त्यामुळे नुसतं ब्लेड बदलून कटरची कड थोडी सुधारेल, बाकी दोन दुखणी तशीच राहतील.

लाकूड तापलं तर करपतं, वितळत नाही. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि दात्याच्या टोकाशी घासून एवढी उष्णता व्हायला काही सेकंद पुरतात. त्यात हा फोम बोर्ड. आत हवेचे बारीक बुडबुडे, त्यामुळे उष्णता आत पसरत नाही, कापाच्या जागीच साचते. म्हणून ती बाहेर न्यायची एकच वाट उरते, ती म्हणजे कापलेला कण. दाता जाडसर कण काढून बाहेर फेकत असेल तर उष्णता त्याच्याबरोबर जाते. दाता नुसता घासत असेल तर ती बोर्डात आणि पात्यात राहते. या कामात मी आवाजापेक्षा, कडेपेक्षाही आधी खाली पडणारा भुसा बघतो. तो खोबऱ्याच्या किसासारखा सुटा, हाताला गार लागणारा पडला पाहिजे. पिठासारखा बारीक पडत असेल तर पातं घासतंय. चिकट गोळ्या किंवा तारा निघत असतील तर थांबायची वेळ कधीच होऊन गेली आहे.

आता तुमचा चार इंची कटर. हे मशीन मुळात फरशी कापायचं. फरशीत डायमंडचं पातं घासूनच कापतं, म्हणून त्याला वेग भरपूर दिलेला असतो, मिनिटाला साधारण १२-१३ हजार फेरे. आपण त्याला लाकडाचं ४० दात्यांचं टीसीटी (दात्यांना कार्बाइडची टोकं असलेलं) ब्लेड लावतो. हिशोब करून बघा. मिनिटाला १२ हजार फेरे गुणिले ४० दाते, म्हणजे ४ लाख ८० हजार दाते. ८ फुटांचा काप तुम्ही मिनिटभरात संपवलात तर एका दात्याच्या वाट्याला मिलिमीटरचा दोनशेवा भाग येतो. एवढ्या पातळ थरात दाता शिरतच नाही, वरून घसरत जातो. तेच ७ इंची सर्क्युलर सॉ घ्या : ५ हजार फेरे, २४ दाते, म्हणजे १ लाख २० हजार. त्याच वेगाने ढकललं तर प्रत्येक दाता चौपट जाड कण काढतो. फरक सगळा इथे आहे.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. कड वितळायला लागली की माणूस घाबरून हात सावकाश करतो, आणि त्यामुळे ती आणखी वितळते. या मालात हात मंद नाही, एकसारखा आणि थोडा ठामच हवा. दातेही जास्त नकोत. प्लायला आणि सनमायकाला बारीक दात्यांचं ब्लेड लावायची सवय असते, कारण तिथे कपची उडायची भीती असते. फोम बोर्डात रेषाच नाहीत, कपची सहसा उडत नाही. त्यामुळे ते ‘स्पेशल’ ब्लेड म्हणजे धार चांगली असलेलं, कमी दात्यांचं, साधं लाकडाचं टीसीटी ब्लेड. चार इंची मशीनला २० ते ३० दाते, ७ इंचीला २४, १० इंची टेबल सॉला ४० पुरे. ४५ अंशांच्या सांध्यासाठी १० इंची मायटर सॉ (कोनात काप घ्यायचं मशीन) वापरणार असाल तर तिथे ६० दाते चालतील, कारण काप आखूड असतो आणि पातं आत फार वेळ राहत नाही. धार मात्र नवी हवी. प्लाय कापून बोथट झालेलं ब्लेड, ‘मऊ तर माल आहे’ म्हणून इथे वापरायला घेतात आणि मग बोर्डाला शिव्या देतात.

चार इंचीबद्दल आणखी एक, आणि हे बोर्डाशी संबंधित नाही, बोटांशी आहे. लाकडाचं ब्लेड बसावं म्हणून किंवा काप दिसावा म्हणून त्या मशीनचं गार्ड काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. दात्यांचं पातं फरशीच्या पात्यासारखं वागत नाही, ते अडकलं तर मशीन उसळून अंगावर येतं. त्यात वितळलेला पीव्हीसी पात्याला दोन्ही बाजूंनी धरतो, म्हणजे अडकायची शक्यता उलट जास्त. गार्ड बसत नसेल तर ते ब्लेड त्या मशीनला लावू नका. ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, तेही बघून घ्या. खिडक्यांचं एवढं काम काढलंच आहे तर ७ इंची मशीन आठवडाभर भाड्याने घ्या किंवा कुणाकडून मागून आणा, असं मी सांगेन.

पट्ट्या लांब असतील तर बोर्डाला खालून पूर्ण लांबीचा आधार द्या. हा माल प्लायपेक्षा बराच लवचीक आहे. दोन लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) ठेवून मध्ये कापलात तर तो मध्ये वाकतो, काप मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. खाली टाकाऊ थर्माकोलची जाड शीट किंवा तीन-चार लाकडी रिपा टाका आणि पात्याची खोली बोर्डापेक्षा दोन सूत जास्त ठेवा. काप सरळ यावा म्हणून अॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने घट्ट बांधा. हात वाकडा गेला की पातं कडेने घासतं आणि परत तेच तापणं सुरू.

जिगसॉचा काप मागे चिकटतो त्याचं कारणही हेच, फक्त वेगळ्या वेषात. जिगसॉचं पातं वर-खाली होताना भुसा पूर्ण बाहेर टाकत नाही, तोच भुसा परत परत कापात रगडतं. वेग पूर्ण ठेवलात तर तो वितळून मागे डिंकासारखा भरतो. बारीक दात्यांचं, म्हणजे पत्र्याचं पातं लावलं असेल तर हे होणारच. लाकडाचं मोठ्या दात्यांचं पातं लावा, वेग निम्म्यावर आणा आणि खिडकीच्या पट्टीत जिथे गोल किंवा खाच लागेल तेवढ्यापुरताच जिगसॉ वापरा. सरळ कापाला तो नकोच.

आणि खरं सांगू का, चार-सहा खिडक्यांच्या आडव्या कापांना मशीनच कशाला? धार लावलेली हातकरवत या बोर्डात इतकी गोड चालते की वापरून बघेपर्यंत विश्वास बसत नाही. वेग कमी, त्यामुळे तापायचा प्रश्नच नाही. गुण्याने रेघ मारायची आणि पाच-दहा हातांत पट्टी वेगळी. विजेवरच्या मशीनची खरी गरज लांब चिरण्याला आहे.

आता ट्रिमर, कारण तुमच्या कामाची शोभा तिथे ठरणार. ६ मिमीचा कॉलेट (बिट धरणारी पकड) असलेले छोटे ट्रिमर बहुतेक एकाच वेगाचे असतात, मिनिटाला ३० हजारांच्या आसपास फेरे. फोम बोर्डाला हा वेग फार आहे. वेग कमी करायची सोय असलेला राउटर (ट्रिमरचाच मोठा भाऊ) मिळाला तर १६ ते १८ हजारांवर ठेवा, डाग निम्म्याने तिथेच कमी होतील. ट्रिमरच वापरायचा असेल तर हात कुठेही थांबता कामा नये. डाग कुठे पडलेत ते बघा, बहुधा सुरुवातीला, शेवटी आणि जिथे तुम्ही वायर सावरायला थांबलात तिथेच असतील. बिट फिरत असताना जागेवर उभं राहिलं की दोन सेकंदांत पीव्हीसी पिवळं पडतं. त्यामुळे मशीन हवेत चालू करून पट्टीच्या बाहेरून आत या, आणि बाहेर जाऊनच थांबवा. गोलाई एका दमात काढू नका. पहिल्या फेरीत बराचसा माल काढा, दुसऱ्या फेरीत अर्धा मिमी राहील एवढाच. शेवटचा थर पातळ असला तरी इथे चालतो, कारण दोन दात्यांचं बिट आणि चालता हात असला की दाता कण काढतोच. सरळ खाचेसाठी एका दात्याचं, म्हणजे सिंगल फ्लूट बिट मिळालं तर घ्या. साइनबोर्ड आणि सीएनसी जाळीवाल्यांच्या दुकानात ते हमखास मिळतं.

गोलाईच्या बिटाला खाली बेअरिंग असतं, त्याकडे कुणी बघत नाही. फोमचा पांढरा भुसा त्यात गच्च बसतो, बेअरिंग फिरायचं थांबतं आणि बिटाबरोबर गरगरत पट्टीच्या कडेवर एक चकचकीत बारीक चर पाडतं. तुमच्या दुसऱ्या फोटोत गोलाईच्या खाली जी ओळ दिसते ती मला तीच वाटते. दर पट्टीनंतर मशीन बंद करून, प्लग काढून, बोटाने बेअरिंग फिरवून बघा. बिटावर चिकटलेला पीव्हीसी गार झाला की बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने टवका निघतो तसा निघतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, कार्बाइडची धार तिथेच तुटते.

रंध्याबद्दल तुम्ही सहज विचारलंय, पण मला विचाराल तर तुमच्याकडे नसलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार तेच. पातं धारदार करून, अगदी थोडं बाहेर काढून मारा. उलटी-सुलटी रेषच नसल्याने कुठल्याही दिशेने मारलं तरी चालतं आणि लांब, पांढऱ्या सुरळ्या निघतात. मशीनच्या कापाचे दाते एका-दोन हातांत जातात, कडा दोन्ही बाजूंनी मारून त्यावर ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवला की हाताचीच छान गोलाई तयार. पॉलिश पेपर १२० पासून सुरू करून १८० आणि २२० वर थांबा. पट्ट्याचा सँडर नकोच, तो पाच सेकंदांत कड चोपडी करून टाकतो. ऑर्बिटल चालेल, पण न दाबता.

इथपर्यंतचं सगळं तुमच्या बोर्डाच्या जातीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. बाजारात एकाच नावाखाली निदान तीन प्रकारचा माल विकतात. पाट्या करायला वापरतात तो हलका, ज्याला लोक सनबोर्ड म्हणतात. फर्निचरसाठीचा जड, वरची साल कडक आणि आत फोम असलेला. आणि लाकडाचा भुसा मिसळलेला डब्ल्यूपीसी, जो बऱ्याचदा पीव्हीसी फोमवर नुसतं नाव छापूनही विकला जातो. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे वजन. १८ मिमीची ८ बाय ४ ची शीट ०.६ घनतेची असेल तर साधारण ३२ किलो भरते, ०.५ ची असेल तर २७ च्या आत. दुकानात काटा असतो, लाजू नका. हलका माल कापायला सोपा, पण स्क्रू धरत नाही आणि कापलेली कड भोकाभोकांची निघते. फर्निचरच्या मालात कडक साल आणि मऊ गाभा असल्याने गोलाई मारल्यावर सालीचा चकचकीतपणा आणि गाभ्याचा खरखरीतपणा शेजारी-शेजारी दिसतो. त्यात मशीनचा दोष नाही. ती कड रंगवावीच लागते. भुसा मिसळलेला माल पात्याची धार लवकर घालवतो, पण वितळतो थोडा कमी.

खिडकीच्या बाहेरच्या बाजूचं काम आहे म्हणून कापण्याच्या पलीकडची एक गोष्ट कापतानाच ठरवावी लागते. पीव्हीसी उन्हाने लांब होतं. मीटरला दर अंशामागे साधारण ०.०५ ते ०.०७ मिमी. ८ फुटांची पट्टी, पहाटेचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत २५ अंशांचा फरक धरला तर साडेतीन मिमी होतात, म्हणजे सूतभराहून जास्त. लाकूड लांबीत एवढं हलत नाही, म्हणून सुताराचा हात माप अगदी घट्ट बसवायला जातो. भर दुपारी उन्हात पडलेल्या पट्टीवर माप घेऊन कापलंत तर थंडीत सांधा उघडलेला दिसेल. डिसेंबरच्या पहाटे घट्ट ठोकून बसवलीत तर मे महिन्यात पट्टी पोटातून फुगेल. बोर्ड सावलीत ठेवा, माप सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला घ्या आणि भिंतीला टेकणाऱ्या टोकाला एक ते दीड मिमी जागा सोडा. ती सीलंटने भरा. ४५ अंशांचे कोपरे मात्र उलटे. तिथे फट ठेवायची नाही, पीव्हीसी सॉल्व्हंट सिमेंट लावून दोन्ही पट्ट्या एकजीव करायच्या, म्हणजे हालचाल झाली तर पूर्ण चौकट मिळून हलते, कोपरा उघडत नाही. पांढरा फेव्हिकॉल इथे कामाचा नाही. त्याला सुकायला पाणी शोषून घेणारा माल लागतो आणि हा बोर्ड पाणी पीत नाही. ज्या गुणासाठी तुम्ही तो आणलात, तोच इथे आडवा येतो.

स्क्रू लावताना आधी भोक पाडा, स्क्रूच्या गाभ्याएवढं. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलने, कमी वेगात, ड्रिल दोन-तीनदा बाहेर काढत. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, समुद्राची हवा आहे. भिंतीत गिट्टी, टोकापासून दोन इंचांच्या आत एक स्क्रू आणि मध्ये दर सव्वा फुटाला एक. टोकाजवळ स्क्रू असला की हालचाल आवरलेली राहते. बोर्डाच्या जाडीत, म्हणजे कडेतून स्क्रू मारून त्याच्या भरवशावर काही टांगू नका. मधला फोम तो धरत नाही.

रंगाचं एका दमात सांगतो. कापलेल्या आणि गोलाई मारलेल्या कडांवर उघडे बुडबुडे असतात, धूळ आणि शेवाळ तिथे आधी बसतं, त्यामुळे तेवढ्या कडांवर पातळ लांबी (पुट्टी) भरून, घासून, बाहेरचा अॅक्रिलिक रंग द्या. रंग फिका ठेवा. चॉकलेटी किंवा काळपट रंगाने पट्टी उन्हात फार तापते आणि वरचा सगळा हिशोब चुकतो. रंगाआधी ओल्या कपड्याने पुसा. एनसी थिनरने पुसलंत तर वरचा थर मऊ होऊन चिकट होईल.

भुसा अंगाला, भिंतीला, मशीनला चिकटून बसतो, ती स्थिर वीज. झटकून जात नाही, व्हॅक्यूम आणि ओला कपडा दोन्ही लागतात. एन९५ मास्क घाला. घरात कापणार असाल तर आधी पंखा बंद करा, नाहीतर आठवडाभर डाळीतही सापडेल.

उरलेले तुकडे घरच्या कुणी बंबात किंवा चुलीत घालणार नाही याकडे मात्र लक्ष द्या. लाकडाच्या छाटांबरोबर ते सहज जातात, दिसायलाही पांढऱ्या लाकडासारखेच. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, आणि बंबाचा पत्राही खातो. मोठे तुकडे पुढच्या कामात खाली आधाराला ठेवा, बाकीचे पोत्यात भरून भंगारवाल्याला विचारून बघा.

आता एवढं करा. एक टाकाऊ पट्टी घ्या, तुमच्याच चार इंची मशीनला कमी दात्यांचं नवं ब्लेड गार्डसकट लावा आणि फूटभर काप नेहमीपेक्षा थोडा भराभर घ्या. मग कडेचा नाही, खाली पडलेल्या भुशाचा फोटो टाका. सोबत शीटचं वजन आणि ब्लेडवर छापलेली दात्यांची संख्या कळवा. ट्रिमरचं बिट कुठलं आहे तेही लिहा, मग गोलाईच्या डागांचं नक्की सांगता येईल.